पावसाळी गटारांची कॅमेरा तपासणी: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

मॅनहोलचं झाकण उघडून सळई खाली टेकवली की गाळ किती बसलाय ते कळतं. त्यासाठी कॅमेरा लागत नाही. पण मे महिन्यात काढलेला गाळ ऑगस्टपर्यंत त्याच दोन मॅनहोलांच्या मध्ये पुन्हा का जमतो, हे वरून दिसत नाही. सीसीटीव्ही तपासणीची सेवा विकत घ्यायची ती या एका उत्तरासाठी.

महापालिका-नगरपरिषदांच्या निविदांत ही सेवा साधारण अशी येते: चाकांच्या छोट्या गाडीवर बसवलेला, मान फिरवणारा कॅमेरा (सगळे त्याला क्रॉलर म्हणतात), केबलचं रीळ आणि पडदा असलेली व्हॅन, सोबत दाबाच्या पाण्याने गाळ सोडवून ओढून घेणारी जेटिंग-सक्शनची गाडी, मीटरमागे दर, आणि शेवटी व्हिडिओसह अहवाल. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या सेवेचं आहे. आमचं मत आधीच सांगतो. सेवा घेण्यासारखी आहे, काही ठिकाणी तिच्यावाचून गत्यंतर नाही. पण सफाई नीट होण्याआधी कॅमेरा घातला आणि बिल निव्वळ मीटरवर काढलं, तर हाती फक्त चिखलाचे व्हिडिओ उरतात.

गाळाचं गांभीर्य आकड्यांत पाहू. ६०० मिमी व्यासाच्या ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपात १५० मिमी, म्हणजे पाव उंचीचा गाळ बसला तर क्षेत्रफळ जेमतेम पाचव्या हिश्शाने कमी होतं. वहनक्षमता मात्र २७-२८ टक्क्यांनी घटते, कारण उरलेल्या पाण्याच्या मानाने त्याला घासणारा काठ वाढतो. गाळ अर्ध्यापर्यंत आला तर मूळ क्षमतेच्या ३६ टक्केच शिल्लक राहते. हीच लाइन ३०० मीटरला १ मीटर उताराने टाकलेली असेल, तर स्वच्छ असताना सेकंदाला साधारण ३५० लिटर पाणी नेते. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिमी पाऊस आणि त्यातलं निम्मं पाणी गटारात येईल, असं धरून आखली होती. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिमी आणि सगळंच पाणी गटारात येईल असं धरायला सांगितलं. या मापाने एका हेक्टरवरून सेकंदाला १३९ लिटर पाणी येतं. म्हणजे स्वच्छ लाइन अडीच हेक्टरांचं पाणी नेते, आणि अर्धी भरलेली तीच लाइन एका हेक्टरचंही नेत नाही.

कुठला कॅमेरा कशासाठी

खांबावरचा झूम कॅमेरा या सगळ्यांत सर्वांत स्वस्त, आणि आमच्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा. मॅनहोलमध्ये खांब उतरवायचा, पाइपाच्या तोंडासमोर कॅमेरा आणि दिवा धरायचा आणि दोन्ही बाजूंना पाहायचं. सरळ, मोकळ्या पाइपात १५-२० मीटरपर्यंतचं बऱ्यापैकी दिसतं. मॅनहोलमागे पाच-दहा मिनिटं पुरतात. भेग किती रुंद आहे हे तो सांगणार नाही, पण कुठल्या लाइनला आधी गाडी लावायची हे तो एका आठवड्यात अख्ख्या प्रभागासाठी सांगतो. छोट्या नगरपरिषदेने सुरुवात याच्यापासून करावी.

रस्त्याकडेच्या जाळीपासून मॅनहोलपर्यंतच्या १५०-२३० मिमीच्या जोडपाइपांसाठी ढकलायचा, लवचीक सळईवरचा कॅमेरा बरा. जाळी स्वच्छ असूनही तिच्यावर पाणी तुंबत असेल, तर दोष बहुधा याच तुकड्यात असतो, आणि निविदेत हाच तुकडा मोजलेला नसतो.

क्रॉलर लागतो तो दुरुस्तीचा निर्णय घ्यायला. चाकं व्यासाप्रमाणे बदलायला हवीत आणि कॅमेरा उचलून पाइपाच्या मध्यावर आणायला हवा. ९०० मिमीच्या पाइपात २०० मिमीच्या पाइपाची चाकं लावून खाली घासत गेलेला कॅमेरा वरच्या भागातल्या भेगा दाखवत नाही. मोठ्या पाइपात जादा दिवे लागतात, काळवंडलेलं काँक्रीट उजेड गिळतं. क्रॉलरच्या आत नायट्रोजन दाबाने भरलेला असतो, म्हणजे पाणी शिरत नाही. पडद्यावर तो दाब उतरताना दिसला की गाडी ताबडतोब बाहेर काढावी. हे न पाळल्यामुळे यंत्र आठवडाभर बंद राहतं आणि काम रखडतं.

पाइपात व्यासाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी असेल तर कॅमेरा चालवण्यात अर्थ नाही. वरच्या मॅनहोलमध्ये हवा भरून फुगवायचा रबरी प्लग लावून पाणी अडवावं किंवा पंपाने पुढे वळवावं. दोन्ही शक्य नसेल तिथे ध्वनिलहरींनी पाहणारा सोनार. तो पाण्याखालच्या गाळाचा छेद काढून देतो, भेगा दाखवत नाही. बँडिकूटसारखे यंत्रमानव मॅनहोलच्या तळातला गाळ उचलतात, दोन मॅनहोलांमधल्या पाइपाची सफाई त्यांच्याकडून अपेक्षू नये.

सफाई आधी, आणि खालून

इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

जेटिंग उताराच्या खालच्या मॅनहोलमधून सुरू करायचं. नळीच्या टोकाचं नोझल वरच्या दिशेने जातं. मागे तोंड असलेली छिद्रं त्याला पुढे ढकलतात, आणि नळी परत ओढताना तेच झोत गाळ खालच्या मॅनहोलकडे आणतात. तिथे सक्शनची नळी त्याच वेळी चालू हवी, आणि त्या मॅनहोलच्या पुढच्या पाइपाचं तोंड प्लगने किंवा जाळीने बंद हवं. हे केलं नाही तर गाळ पुढच्या लाइनीत सरकतो. व्हिडिओत ही लाइन चकचकीत दिसते आणि शेजारची गल्ली तुंबते.

१५० मिमी गाळ असलेल्या लाइनीत नोझल एकदम ३० मीटर पळवू नये. आधी १० मीटर, मग सावकाश मागे, मग १५, मग २०. एकदम नेलं तर नोझल गाळावरून घसरत जातं किंवा परतताना गाळाच्या ढिगाऱ्यामागे अडकतं. मोठ्या व्यासात नोझलमागे पाइपाच्या व्यासापेक्षा लांब कडक नळी जोडावी, नाहीतर नोझल आतच उलटं फिरून मॅनहोलकडे परत येतं. समोर उभ्या माणसाच्या जिवाला हा धोका आहे. नोझल पाइपाच्या आत गेल्याशिवाय दाब सुरू करायचा नाही, हा नियम लेखी द्यावा. मॅनहोलच्या कडेला रोलर लावावा. कडेवर घासून नळी फाटली की १००-१५० बारचा झोत कुठेही फिरतो.

ठेकेदार दाबाचा आकडा मिरवतात. ६०० मिमी आणि त्यावरच्या पाइपात गाळ वाहून नेतं ते पाणी, दाब नव्हे. मिनिटाला २०० ते ३०० लिटर मिळत नसतील तर दाब कितीही असो, वाळू तिथेच बसते. लांब नळीत दाब पडतोही: पंपाच्या घड्याळात दिसतो तेवढा नोझलवर मिळत नाही. मिनिटाला २५० लिटर म्हणजे ५,००० लिटरची टाकी २० मिनिटांत संपते. मग गाडी पाणी भरायला जाते आणि दिवसाचे चार तास त्यातच जातात. म्हणून ओढलेलं पाणी गाळून पुन्हा वापरणारी रिसायकलर गाडी महाग असली तरी परवडते, टंचाईच्या एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच.

दक्षिण मुंबईतल्यासारख्या विटांच्या किंवा दगडी कमानीच्या जुन्या गटारात जोरदार दाब वापरू नये. दरजांमधला चुना निघून येतो आणि पुढच्या पावसात वीट सुटते. तिथे पाणी जास्त आणि दाब कमी.

जेटिंगने न निघणाऱ्या दोन गोष्टी आहेत. मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी जाळीत ओतलं की ते पाइपाच्या तळाशी घट्ट होतं. त्याला साखळी फिरवणारं कटर लागतं, आणि थर जाड असेल तर पाइप बदलणंच स्वस्त पडतं. वड, पिंपळ, उंबराची मुळं सांध्यातून शिरतात. ती कापता येतात, पण सांधा बंद केला नाही तर पुन्हा येतात. या दोन्ही बाबी निविदेत वेगळ्या दराने लिहाव्यात, नाहीतर ठेकेदार त्यांना हात लावत नाही आणि अहवालात 'अडथळा' एवढाच शब्द येतो.

माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसाकडून धोकादायक सफाई करून घेण्याला बंदी आहे, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. 'हे पावसाळी गटार आहे, इथे मैला नाही' हा युक्तिवाद ऐकू नये. घरांचं सांडपाणी यात सर्रास सोडलेलं असतं आणि वायू तोच असतो. झाकण उघडल्यावर चार वायूंचं मीटर दोरीने खालपर्यंत सोडावं: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली, ज्वलनशील वायू स्फोटक मर्यादेच्या १० टक्क्यांच्या खाली. वासावर विसंबू नये, हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की वास येणंच बंद होतं.

व्हिडिओ कसा पाहायचा

ह्यूम पाइपाची लांबी २.५ मीटर असते. ३० मीटरच्या लाइनीत १२ पाइप, म्हणजे मधे ११ सांधे. व्हिडिओत सांधा दर २.५ मीटरला आला पाहिजे. २.३ किंवा २.८ ला येत असेल तर केबलचा मोजणारा काटा चुकतोय, आणि मग '१७.४ मीटरवर भेग' या नोंदीच्या भरवशावर खोदलेला खड्डा भलत्याच जागी जाईल. सांधे मोजायला पैसे लागत नाहीत, तरी हा ताळा फारच कमी ठिकाणी घेतला जातो. कॅमेऱ्याचं शून्य कुठे धरलं, मॅनहोलच्या मध्यावर की पाइपाच्या तोंडाशी, हेही पहिल्या चौकटीत लिहून घ्यावं.

कॅमेऱ्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत हवा. प्रत्येक सांध्याशी, जोडपाइपाशी आणि दोषाशी थांबून मान फिरवलीच पाहिजे. ३० मीटरचा व्हिडिओ तीन मिनिटांत संपत असेल तर तो परत पाठवावा.

आता मूळ प्रश्न: गाळ तिथेच का बसतो? व्हिडिओत चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, पाण्याची पातळी. पाइप मधेच खचून खाली बसला असेल तर पाणी ५ टक्क्यांवरून हळूहळू ३० टक्क्यांपर्यंत चढतं आणि पुढे पुन्हा उतरतं. क्रॉलरचा उतारमापक इथे फसवतो, कारण चाकाखाली थोडा गाळ आला तरी आकडा बदलतो. पाण्याची पातळी फसवत नाही. तिच्या जोडीला दोन्ही मॅनहोलांच्या तळाच्या पातळ्या लेव्हल मशीनने घ्याव्यात. त्या घेतल्या की कधीकधी लाइन उलट्या उताराची निघते, आणि मग सफाईचं वेळापत्रक कितीही काटेकोर असो, उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट, आडवी गेलेली लाइन. पाण्याची नळी, वीज किंवा इंटरनेटची केबल पावसाळी पाइप फोडून आरपार नेलेली असते. कचऱ्याच्या पिशव्या तिला लटकतात आणि मागे गाळ साठतो. ही नोंद अंतर आणि घड्याळाच्या स्थानासह, म्हणजे पाइपाचा छेद घड्याळाची तबकडी मानून हवी ('९ ते ३, मध्यभागी'), कारण संबंधित विभागाला नोटीस द्यायला तेवढाच पुरावा असतो. तिसरी, आत घुसलेला घरचा पाइप. भोक पाडून सरळ आत खुपसलेला पाइप १०० मिमी बाहेर आला तरी प्लास्टिक अडकायला पुरतं. चौथी, उघडलेला सांधा. आतून मातीचा ओघळ दिसतो, कधी बारीक खडी. वर रस्त्यात खोलगट भाग दिसत असेल तर सांध्याबाहेर पोकळी झालेली आहे असं धरून चालावं. हा दोष नुसत्या गाळाचा नाही. रस्ता खचून गाडी आत जाण्याचा आहे. असा सांधा दिसल्यावर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी बॅरिकेड लावावं.

एप्रिलमध्ये पावसाळी पाइपात पाणी वाहत असेल तर ते सहसा सांडपाणी असतं. अशा लाइनीत पाइपाचा वरचा भाग नीट पाहावा. हायड्रोजन सल्फाइडपासून तयार होणारं आम्ल काँक्रीट वरून खातं, आणि सळया उघड्या दिसायला लागल्या की ठिगळ पुरत नाही.

अहवाल आणि बिल

चांगला अहवाल ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रत्येक दोषाला चार गोष्टी जोडलेल्या असतात: मॅनहोल क्रमांकापासूनचं अंतर, घड्याळाचं स्थान, फोटो आणि १ ते ५ मधली श्रेणी (५ सर्वांत वाईट). दोषांच्या नोंदीसाठी युरोपातली ईएन १३५०८-२ किंवा अमेरिकेतली पीएसीपी यांपैकी एक पद्धत निविदेत ठरवून द्यावी. दोन वर्षांचे अहवाल दोन पद्धतींत असतील तर लाइन बिघडतेय की तशीच आहे, हे कळत नाही. मूळ व्हिडिओ मॅनहोल ते मॅनहोल स्वतंत्र फायलींत मागावेत, सोबत एक्सेल तक्ता आणि नकाशावर टाकता येईल अशी फाइल. नुसती छापील फाइल स्वीकारू नये, ती कपाटात जाते आणि बदलीबरोबर विसरली जाते.

डांबराखाली गेलेले मॅनहोल हे या कामातलं मोठं दुखणं. 'मॅनहोल सापडलं नाही, म्हणून तपासणी नाही' अशी ओळ अहवालात येते. बिडाचं झाकण असेल तर धातुशोधकाने सापडतं, आणि आधीच्या मॅनहोलमधून क्रॉलर नेऊन त्याच्या जागेचं अंतर मोजता येतं. मॅनहोल शोधून रस्त्याच्या पातळीला आणण्याची बाब वेगळी ठेवावी. नवं झाकण बसवताना आयएस १२५९२ प्रमाणे दर्जा तपासावा: जड वाहनांच्या रस्त्यावर एचडी-२० (जड) किंवा ईएचडी-३५ (अतिजड), एमडी-१० (मध्यम) नव्हे.

गाळाच्या बिलाला एक ताळा आहे. ६०० मिमीची ३० मीटर लाइन पूर्ण तुडुंब भरली तरी ८.५ घनमीटर गाळ मावतो. पाव उंचीच्या गाळाला १.७ घनमीटरच. सफाईआधी सळईने १५० मिमी नोंदवलं असेल आणि बिल ६ घनमीटरचं असेल, तर वजनकाट्याची पावती आणि मोजमाप पुस्तिका समोरासमोर ठेवून विचारावं. ओला गाळ मोजला की थोडा निथळून, हेही आधी ठरवावं. सक्शन टाकीतलं पाणी गाळ म्हणून मोजलं जाऊ नये.

दराची रचना आम्ही अशी सुचवू: सफाईचा दर मीटरमागे, पण देयक सफाईनंतरचा व्हिडिओ स्वीकारल्यावरच, तपासणीचा दर स्वीकारलेल्या मीटरमागे, चालवलेल्या नव्हे, आणि अडथळ्यामुळे अर्ध्यात थांबलेल्या लाइनीत दुसऱ्या मॅनहोलकडून पुन्हा प्रयत्न बंधनकारक.

समुद्राकाठी

मुंबई किंवा कोकण किनाऱ्यावरच्या शहरांत मुखाजवळच्या लाइनी भरतीत भरलेल्या असतात. तिथे ठेकेदार 'पाणी जास्त' म्हणून परत जातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईला भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, म्हणून खोल ओहोटी सकाळी सहा-सातच्या दरम्यान मिळते. गाडी पहाटे पाचला जागेवर हवी. दोन-तीन तासच मिळतात. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी तेवढं उतरत नाही, ते दिवस आतल्या लाइनींना द्यावेत. मुखावरच्या एकमार्गी झडपेत लाकूड किंवा दगड अडकून ती उघडी राहिलेली नाही ना, हे त्याच ओहोटीत पाहावं. ती उघडी असेल तर पाऊस नसतानाही उधाणाचं पाणी रस्त्यावर येतं, आणि दोष पाइपाला दिला जातो.

कधी घ्यावी, पुढे काय

मे महिन्यात तपासणी करून घेणं म्हणजे रोगाचं निदान झाल्यावर औषधाला वेळच न ठेवणं. दोष दुरुस्त करायला हातात चार आठवडेही नसतात. आमच्या मते नोव्हेंबर ते जानेवारी हा योग्य काळ. भूजल अजून वर असतं, म्हणून गळके सांधे पाझरताना उघड दिसतात, आणि अंदाजपत्रक, निविदा व दुरुस्ती मेच्या आत बसू शकते. मे महिन्यासाठी फक्त जेटिंग आणि खांबावरचा कॅमेरा ठेवावा.

दुरुस्तीत एक गैरसमज टाळावा. एखादा सांधा किंवा छोटी भेग असेल तर फुगवत्या पॅकरवर (रबरी नळकांड्यावर) रेझिनमध्ये भिजवलेलं काचतंतूचं कापड गुंडाळून आतून ठिगळ लावता येतं, रस्ता खोदावा लागत नाही. लांब पट्ट्यात भेगा असतील तर आतून अस्तर. पण ठिगळ किंवा अस्तर पाइपाचा उतार बदलत नाही. खचलेल्या पाइपाला अस्तर लावलं तर खचका तसाच राहतो, फक्त गुळगुळीत होतो. तिथे खोदून खालचा थर नीट करून पाइप पुन्हा टाकावाच लागतो, आणि ही गोष्ट कॅमेऱ्याच्या अहवालात श्रेणी ३ म्हणून दबून राहू शकते. म्हणून श्रेणीच्या आकड्यापेक्षा पाण्याच्या पातळीची नोंद आधी वाचावी.

ज्या नगरपरिषदेकडे पूर्ण शहरासाठी पैसे नाहीत, तिने गेल्या तीन पावसाळ्यांत जिथे पाणी तुंबलं त्या जागांची आपत्ती कक्षातली नोंद काढावी, त्यांच्या खालच्या बाजूच्या प्रत्येकी तीन-चार लाइनी निवडाव्यात, आणि क्रॉलर तेवढ्याच लाइनींना लावावा. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या नोव्हेंबरात त्याच लाइनी, त्याच मॅनहोलकडून, त्याच दिशेने पुन्हा तपासण्याची अट पहिल्याच करारात असावी.